सगळं धरून

तुम्ही या गृहस्थांना ओळखता. भाजीवाली असो की दातांचे डॉक्टर, व्यवहार संपत आला की ते अर्धं पाऊल पुढे येतात, मान जराशी तिरपी करतात आणि विचारतात, "सगळं धरून ना?" भिलाईतल्या आमच्या स्मृति नगरात त्यांचं घर जुनवानी रोडच्या आतल्या गल्लीत आहे. खरं नाव मतदारयादीत असेल. कॉलनी त्यांना धरून-काका म्हणते. त्यांच्याही कानावर हे गेलेलं आहे. नावात 'काका' धरलेलं असल्यामुळे त्यांची तक्रार नाही.

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात भेंडीचा भाव ठरला की काका हिंदीत उतरतात, "सब मिलाके?" भेंडीत काय मिळवायचं हे त्या बाईला कळत नाही. काकांना कळतं: मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या आणि जमलंच तर आल्याचं एक बोट. पाणीपुरीला आमच्या छत्तीसगडात गुपचुप म्हणतात. शेवटची सुकी पुरी त्यात धरलेली असते हे शेंबडं पोरही जाणतं, पण काका पहिली पुरी तोंडात टाकण्याआधी तेवढं वदवून घेतात. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढायचे पैसे सांगितले तेव्हा काकांनी विचारलं, "सगळं धरून?" डॉक्टर नवीन होते, हो म्हणाले. "मग त्याच्या शेजारचा पण जरा हलतोय जी, तो पण पाहून घ्या."

त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी आकडा सांगितला.

"सगळं धरून?"

"हो, दक्षिणा धरून."

"पाचही अध्याय?"

"पाचही."

"आरत्या?"

गुरुजी मूळचे शांत. म्हणाले, "काकाजी, पुण्यसुद्धा धरून आहे. आता फक्त बसा."

मुलीचं लग्न ठरवायला पुण्याची मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी पगाराचा वार्षिक आकडा सांगितला. काकांनी मान तिरपी केलेली पाहताच काकूंनी पदराआडून चिमटा काढला, पण उशीर झाला होता. "सगळं धरून?" वडील म्हणाले, "हो, पीएफ वगैरे सगळं धरून." "आणि स्वभाव?" बैठकीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातला कुकरही शिट्टी देईना. काकू आजही म्हणतात, "स्वभाव धरून निघाला बाप्पा, नशीब आमचं."

माझा ताप असा की आमच्या फाटकासमोर त्यांचं फाटक. "या काकाजी, चहा घ्या," म्हटलं की "बिस्किटं धरून?" हा प्रश्न ते खुर्चीत बसल्यावर विचारतात, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. वरची खोली बांधली तेव्हा माझ्या ठेकेदाराला त्यांनी एकट्याने गाठलं आणि "सगळं धरून" या दोन शब्दांवर त्याचा असा छळ मांडला की बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतःहून फरशीचे पैसे कमी करून गेला. आभार मानावेत की दार लावून घ्यावं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

अशा माणसाला 2023 च्या उन्हाळ्यात मुलाने डसेलडॉर्फहून फोन केला आणि सांगितलं, बाबा, जुलैत सगळे मिळून स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊ. आठवडाभर रिसॉर्ट. ऑल इन्क्लुसिव्ह.

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळचा नाश्ता, दोन्ही जेवणं, मधलं खाणं, चहा, कॉफी, आइस्क्रीम, पोहण्याचा तलाव, सगळं."

काकूंच्या म्हणण्यानुसार काका त्यानंतर मिनिटभर काही बोललेच नाहीत. आयुष्यभर ते ज्या उत्तराच्या शोधात होते ते पाटी लावून विकणारं एक गाव भूमध्य समुद्रात होतं, आणि हे त्यांना एकोणसत्तराव्या वर्षी कळत होतं.

पुढचा महिना कॉलनीचा गेला. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्हाला रोज नवीन माहिती मिळे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासविमा लागतो, किमान 30,000 युरोंचा. त्यात आजारपण येतं, इस्पितळ येतं आणि माणूस तिकडेच गेला तर त्याला परत आणण्याचा खर्चही येतो. हे कलम वाचल्यावर काकांचा चेहरा उजळला. "भाऊ, मरण पण धरून!" ते इतक्या समाधानाने म्हणाले की त्या हप्त्याची पुरेपूर वसुली करून येतात की काय, अशी मला भीती वाटली.

तिथे जे झालं त्याच्या माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत. एक काकांची, बागेतली, जाहीर. दुसरी काकूंची, आमच्या स्वयंपाकघरातली. मी दोन्ही मिळवून सांगतो.

रिसॉर्टात शिरताच मनगटावर कागदी पट्टा बांधला. पट्टा दाखवला की काहीही मिळतं, हे कळताच काकांनी पहिल्या दिवशी पाच वेळा जेवण केलं. भूक नव्हती, पण ती काही पॅकेजची अट नव्हती. दुसऱ्या दिवशी पोटाने हिशेब मागितला, तेव्हा काकूंनी बॅगेतून ओव्याची पुडी काढली आणि सांगितलं, "हे धरून नाही. हे माझं आहे."

तिथे पाऊल टाकताच कळलं की भिलाईत नवतपा, म्हणजे मेअखेरचे आगीचे नऊ दिवस, सोसून, पाऊस सुरू झाल्यावर निघालेली ही मंडळी दुसऱ्या नवतप्यात येऊन पडली आहेत. तो जुलै दक्षिण युरोपला भाजून काढणारा निघाला. अथेन्सचं अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं, आणि मायोर्कातही हवामानखात्याचे इशारे लागले. हॉटेलातल्या मुलीने काळजीने सांगितलं, सर, दुपारी बाहेर पडू नका, पारा चाळिशीपार जाईल. काका म्हणाले, "बेटा, चव्वेचाळीसमध्ये आम्ही भट्टीजवळ शिफ्ट केली आहे." मुलाने त्याचं इंग्रजी केलं नाही. पण खबरदारी म्हणून काकांनी बुफेतून एक कांदा उचलला, अख्खा, सोललेला नव्हे, आणि पोहायच्या चड्डीच्या खिशात ठेवला. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, हे भिलाईत सांगावं लागत नाही. मायोर्काच्या किनाऱ्यावर जीवरक्षकाला मात्र त्या फुगवट्याबद्दल बरीच जिज्ञासा होती.

समुद्राविषयी काकांचं मत फारसं चांगलं नाही. त्यांनी पाहिलेला समुद्र पुरीचा. भिलाईची निम्मी मंडळी एलटीसी, म्हणजे प्लांटची प्रवास-सवलत, मिळाली की दुर्ग-पुरी गाडीने तिकडेच जात. बरोबर होल्डॉल, सुरई आणि तीन दिवस टिकणाऱ्या तिखटमिठाच्या पुऱ्या. तो समुद्र माणसाला पाडतो, चप्पल पळवतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पाणी वीतभर वरखाली होतं तेवढंच. काकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "भरती यात धरलेली नाही का?"

आता आरामखुर्च्यांची गोष्ट. तलावाकाठी खुर्च्या मोजक्या, आणि पहाटे उठून त्यांवर टॉवेल टाकून जागा अडवण्यात जर्मन पर्यटकांचा हात धरणारा कोणी नाही अशी त्यांची युरोपभर ख्याती आहे. बिचाऱ्यांनी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेला माणूस पाहिला नव्हता. काकांचा देह भिलाई स्टील प्लांटच्या पहिल्या पाळीवर पोसलेला. झोप साडेचारला आपोआप उघडते. दुसऱ्या पहाटे जर्मन खाली उतरले तेव्हा सावलीतल्या सात खुर्च्यांवर अनुक्रमे दोन टॉवेल, एक गमछा, काकूंची ओढणी, नातीची टोपी, जावयाचा बूट आणि शेवटच्या खुर्चीवर तो कांदा होता.

त्या कांद्यासमोर एक उंच, पांढऱ्या केसांचा जर्मन बराच वेळ उभा राहिला. भांडण होणार म्हणून मुलगा धावत आला. भांडण झालं नाही. तो गृहस्थ डुइसबुर्गचा, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला. मुलगा मध्ये उभा राहून भाषांतर करत होता, पण 'स्टील' या शब्दानंतर त्याची गरज उरली नाही. काकांनी बोटांवर मोजून सांगितलं: दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत तीन कारखाने, दुर्गापूर इंग्रजांनी उभं करून दिलं, राउरकेला तुम्ही, भिलाई रशियाने. मग अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवून, "भिलाई. नंबर वन." राउरकेलाच्या बाजूने जर्मनाने काहीतरी सांगितलं. काकांनी ते धरलं नाही.

आणि इथून पुढे काकांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वसुली सुरू झाली. मद्यपी पर्यटकांच्या उच्छादाला कंटाळून तिथल्या सरकारने 2020 च्या जानेवारीत काही किनाऱ्यांवर नियम आणला होता: असं सगळं धरून असलेल्या हॉटेलात माणशी दिवसाला सहाच पेले, तीन दुपारच्या जेवणाबरोबर, तीन रात्रीच्या. काकांचा किनारा त्याच भागात होता. काका थेंबालाही शिवत नाहीत. त्यामुळे रोजचे सहा पेले, आठवड्याचे बेचाळीस, पैसे भरून वाया जाणार, या विचाराने त्यांना खुर्चीत झोप लागेना. डुइसबुर्गकरांची अडचण नेमकी उलटी होती. दोन पोलादी देशांमध्ये करार व्हायला वेळ लागला नाही. जेवणाच्या वेळी काका छाती काढून काउंटरवर जात, पट्टा दाखवत, फेसाळता पेला दोन्ही हातांत तीर्थासारखा धरून आणत आणि जर्मनासमोर ठेवत. जावयाने हौसेने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात गोंदियाहून बहिणीचा फोन: "वहिनी, दादा प्यायला लागला? या वयात?" काकू म्हणाल्या, "नाही गं बाई, पाजायला लागले."

शेवटच्या दिवशी मात्र घात झाला. बेटावर 2016 पासून पर्यटन-कर आहे; पर्यावरणासाठी घेतात, सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ. त्यांच्या चार तारेवाल्या हॉटेलात भर हंगामात दर माणशी रात्रीला 3 युरो, वर दहा टक्के व्हॅट. सहा मोठी माणसं, सात रात्री, 138 युरो 60 सेंट. रुपयांत साडेबारा हजारांच्या घरात. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला आणि गोड हसून म्हणाली, हे पॅकेजमध्ये नसतं.

काका तो कागद चष्मा वर करून, खाली करून, पालथा करून वाचत राहिले. "हे यात धरायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मराठीत, हळू आवाजात. काकू सांगतात, भांडले असते तर बरं झालं असतं. पण सत्यनारायणाचा प्रसाद संपला असं कुणी सांगावं तसे ते उभे होते. मुलाने मागच्या मागे कार्ड पुढे केलं आणि बापाला सांगितलं, बाबा, तिने चूक मान्य केली, धरून आहे. काकांनी त्या मुलीला उदार मनाने माफ केलं. खरी गोष्ट त्यांना अजून ठाऊक नाही. हे छापून आल्यावर कळली तर कळली.

परत आल्यावर पंधरा दिवस तो पट्टा मनगटावर होता. सुपेल्यातल्या औषधवाल्याने विचारलं, "अंकल, छुट्टी कब मिली अस्पताल से?"

इथे हा लेख संपवायला हरकत नव्हती. कॉलनीत हशा पिकला असता आणि माझा ठेकेदाराचा सूडही उगवला असता. पण काकूंनी सांगितलेल्या दोन गोष्टी बाजूला टाकता येत नाहीत.

पहिली अशी. पाल्माहून सोयेर गावाला 1912 सालची लाकडी डब्यांची छोटी गाडी जाते, डोंगरातून, संत्र्यांच्या बागांतून. तिकीट वेगळं, म्हणून काका सकाळपासून घुश्शात. पण गाडी पाहताच त्यांना गोंदिया-जबलपूरची छोटी लाईन आठवली आणि सोयेरला उतरल्यावर ते दिसेनासे झाले. शोधलं तर फलाटाच्या टोकाला रुळाशी उकिडवे बसलेले. रुळाच्या पोटावर, कमरेच्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचा शिक्का आणि साल उठवलेलं असतं. काका रुमालाने तिथला ऑइलचा थर पुसत होते, बोटाने अक्षरं चाचपत होते. भिलाईच्या रेल मिलमध्ये ज्याचा जन्म गेला तो माणूस जगात कुठेही रूळ दिसला की आधी शिक्का पाहतो. अक्षरं लागली नाहीत. ते उठले, गुडघे झटकले, निकाल दिला, "आपला नाही. पण घोटाई बरी आहे."

दुसरी गोष्ट: रोज रात्री जेवणाच्या टेबलावर बसण्याआधी काका उभ्याने डोकी मोजत. मुलगा, सून, नात, मुलगी, जावई, काकू, स्वतः. "सातही धरून ना?" असं म्हणून मगच ताट उचलत.

या दोन गोष्टी ऐकल्यावर बागेतलं त्यांचं एक वाक्य मला उशिरा उमगलं. ते म्हणाले होते, "भाऊ, चौथ्या दिवशी त्या हॉटेलात मला काय आठवलं सांगू? सेक्टर सात."

4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. भोवती उभी राहिली ती टाउनशिप. काका 1974 साली गोंदियाहून ट्रेनी म्हणून आले आणि त्यांना क्वार्टर मिळालं. क्वार्टरबरोबर पाणी आलं, वीज आली, मुलांना प्लांटची शाळा, आजारपणाला सेक्टर नऊचं इस्पितळ, रविवारी पांढरे वाघ पाहायला मैत्री बाग, दर काही वर्षांनी एलटीसी, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, कँटीनचा चहा. पाइप गळला तर चिठ्ठी लिहायची, माणूस येई. युरोपने आठवडाभर मनगटाला पट्टा बांधून जे विकलं ते सरकारी पोलादाच्या कारखान्याने बिहारी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी, मराठी अशा सगळ्यांना गेटपासवर दिलं होतं, आणि काका त्यात चाळीस वर्षं राहिले.

मग साठीला निरोपाचा हार घातला आणि क्वार्टर सोडावं लागलं. टाउनशिपच्या हद्दीबाहेर स्मृति नगर. इथे बोअरची मोटार आपली, इन्व्हर्टर आपला, चौकीदाराचे वेगळे, कचऱ्याचे वेगळे, औषधांचे तर विचारू नका. साठीपर्यंत ज्याला कुठल्याच गोष्टीचं वेगळं बिल आलं नाही, तो साठीनंतर प्रत्येक बिलापुढे उभा राहून विचारणारच. आम्ही त्याला चिक्कूपणा म्हणालो. तो निर्वासिताचा प्रश्न होता. भिलाईने पोरांना शाळा दिली, कोचिंग दिलं, इंजिनीअर केलं. शिकलेल्या पोरांना भिलाईत ठेवायची सोय मात्र कुठल्याच योजनेत धरली नाही. एक डसेलडॉर्फला, एक पुण्याला. सात माणसं एका टेबलावर बसवायला आता स्पेनपर्यंत जावं लागतं आणि वर कर भरावा लागतो.

आणि हेही नाइलाजाने लिहितो. गेल्या हिवाळ्यात रात्री दोनला माझ्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं. मी फाटक उघडतो तोवर समोरची गाडी चालू होती. काकांनी आम्हाला सेक्टर नऊला नेलं, कुठल्या दाराने जायचं ते तेच जाणत होते. रात्रभर बाकावर बसले, सकाळी काकूंचा डबा घेऊन आले, वडिलांना घरी आणण्याच्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन हजर. पेट्रोलचे पैसे द्यायला खिशात हात घातला तर म्हणाले, "काऊन जी? शेजारात धरून आहे."

परवा पुन्हा आले होते. मी चहा सांगितला, त्यांनी बिस्किटांची चौकशी केली, आणि मला पूर्वीइतकाच राग आला. प्रेम वाटतं म्हणून माणूस कमी त्रासदायक होतो, असं काही नाही.

तरी तुम्हाला विनंती. तुमच्या गल्लीतले हे गृहस्थ उद्या मान तिरपी करून विचारतील, तेव्हा हो म्हणून टाका. वरचा कर आपण मागच्या मागे भरायचा.